पुट

ग्रिम्सबीत, गोदीपासून चार गल्ल्या आत,
वाचनालयाच्या माळ्यावर मंगळवारी सहा ते आठ
ग्लेनिस बाई शिकवतात
तीन अक्षरांचं एक क्रियापद.
पुट. म्हणजे ठेव.

टेस्फालेमला ते येतं.
मासळीच्या कारखान्यात पहिल्याच पाळीला आलं होतं :
तुकडा ट्रेमध्ये पुट, ट्रे पट्ट्यावर पुट,
वरून बर्फ पुट, अजून पुट,
बोटं हातमोज्यात आहेत की नाहीत
हे कळेनासं होईपर्यंत पुट.
एवढ्याशा शब्दावर पगार मिळतो म्हटल्यावर
त्याला वाटलं, ही भाषा काही कठीण नाही.

मग बाईंनी खडू उचलला
आणि पुटला शेपूट लावलं.

पुट ऑन : कोट अंगात घाल. किटली चढव. वजनही तसंच चढतं.
पुट आउट : आग विझव. कचऱ्याचा डबाही, पण तो विझवायचा नाही,
बुधवारी रात्री बाहेर ठेवायचा.
पुट ऑफ : आजचं उद्यावर ढकल.
(इथे मागच्या बाकावरची रिमांतें हसली,
तिचा गृहपाठ तीन आठवडे ऑफ होता.)
पुट अप : कुणाला घरी उतरून घे.
आणि त्यालाच विथ जोडलं, की
सोस.

विथ म्हणजे सोबत ना, त्याने विचारलं.
हो, बाई म्हणाल्या. सोबत वाढली की सोसणं येतंच.

त्याच्या तिग्रिन्यात शब्द आतून बदलतो,
तीन व्यंजनं जागची हलत नाहीत, स्वर कूस पालटतात.
इथे शब्द ढिम्म, आणि सगळा अर्थ शेपटीत.
आपण तरी काय सांगावं त्याला?
आपण दिवा लावतो, जीव लावतो,
आणि त्याच हातांनी वाट लावतो.

मिसेस व्हेल्प्टन यांनी त्याला पुट अप केलं होतं,
वरची खोली, आठवड्याला साठ पौंड,
आणि त्याच्या मिरचीच्या फोडणीसकट पुट अप विथही.
खाली त्यांचा कुत्रा, बोसन. जुना ग्रेहाउंड,
सगळ्या हाडांना नीट मोजता यावं असा.
हिवाळ्यात त्याचे मागचे पाय गेले.
जिना टेस्फालेमच त्याला उतरवायचा,
डॉक्टरकडेही त्यानेच नेलं, दोन बसथांबे, उचलून.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, डोळ्यांत दिवा धरला,
आणि हळूच म्हणाल्या,
वी शुड पुट हिम डाउन.

दोन्ही शब्द ओळखीचे. पुट. डाउन.
केवढी कनवाळू बाई, त्याला वाटलं,
आल्यापासून कुत्रा माझ्या हातांवर आहे
हे हिच्या लक्षात आलं.
त्याने एका हाताने कोट काढला, लादीवर पसरला,
कारण लादी गार होती,
आणि बोसनला खाली ठेवलं,
एकेक पाय, एकेक पाय,
अंडी ठेवावीत तसं.

बोसन उभा राहिला.
क्षणभरच, पण राहिला,
आणि शेपूट दोनदा हललं.

कुणी काही बोललं नाही.
डॉक्टरीणबाई टेबलाचा कडा पुसत राहिल्या, स्वच्छ होता तो.
मिसेस व्हेल्प्टन यांनी त्याच्या बाहीला धरलं
आणि समजावलं, सोप्या शब्दांत.
सोप्या शब्दांत ते आणखीच वाईट होतं.

पुढच्या मंगळवारी गृहपाठ : पुटची दोन वाक्यं.
त्याने इंग्रजीत लिहिलं,
मी त्याला पुट डाउन केलं.
मग त्यांनी केलं.

ग्लेनिस बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं.
व्याकरण तपासलं, पुन्हा तपासलं.
कुठे चूक नव्हती.

आपल्याकडे पुट म्हणजे लेप,
भांड्यावर, लोखंडावर, काळाने चढतो तो.
घरी दाराशी बोसनचं पाण्याचं भांडं तसंच आहे.
पुट अवे : आवरून ठेव. तेही शिकवून झालंय.
मिसेस व्हेल्प्टन किटली पुट ऑन करतात,
तो डबा पुट आउट करतो,
येता-जाता दोघंही त्या भांड्याला
वळसा घालतात.